नगरसेवकांची सभेतील उपस्थिती आणि मतदारांना द्यायचा हिशेब

धागाकर्ता

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. बहुतेक महानगरपालिकांत २०२२ पासून आणि काही ठिकाणी तर २०२० पासून प्रशासकच कारभार पाहत होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगत असतानाही इतकी वर्षे आपल्या वतीने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. म्हणूनच हा विषय पाच वर्षांनी, पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर काढण्याऐवजी आत्ताच मांडावा, असे मला वाटले.

मागील सभागृहाची मुदत संपत आली असताना मी माहितीच्या अधिकारात आमच्या महानगरपालिकेच्या सहा महिन्यांच्या मुख्य सभांची इतिवृत्ते मागवली होती. हेतू साधा होता. आमच्या प्रभागातून निवडून गेलेले सदस्य सभेला जातात की नाही, एवढेच मला पाहायचे होते. कागद हातात आले तेव्हा पहिल्या पानावर उपस्थित सदस्यांची लांबलचक यादी होती आणि त्यात आमच्या प्रभागाची सर्व नावे होती. मी समाधानाने पुढे वाचत गेलो आणि त्याच इतिवृत्ताच्या शेवटी वाक्य सापडले की, गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान सदस्यसंख्या, नसल्यामुळे सभा तहकूब करण्यात येत आहे. पहिल्या पानावर सभागृह भरलेले आणि शेवटच्या पानावर एकतृतीयांश सदस्यही जागेवर नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या होत्या. मधल्या वेळात कोण, केव्हा आणि कोणता विषय चालू असताना उठून गेले, याची नोंद त्या कागदांत कुठेही नव्हती.

ज्या सभेत मालमत्ता करातील वाढ, पाणीपट्टी, विकास आराखड्यातील आरक्षणे आणि अंदाजपत्रक मंजूर होते, त्या सभेत आपला प्रतिनिधी होता की नव्हता, हे मतदाराला खात्रीने कळत नसेल, तर मतदान करताना तो कशाच्या आधारे निर्णय घेतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावत आहे. आपल्या गावात किंवा शहरात याबाबत काय अनुभव आहे, आणि नव्या सभागृहाकडून पहिल्या वर्षापासून हा हिशेब कसा मागता येईल, यावर सविस्तर मते यावीत अशी इच्छा आहे.


प्रतिसाद १

विषय महत्त्वाचा आहे, परंतु उपस्थिती हेच मोजमाप धरण्यास माझा विरोध आहे आणि तो मी स्पष्टपणे नोंदवतो.

मी एका नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात काही वर्षे काम केले आहे. सकाळी सातपासून लोक येत असत. कोणाकडे पाणी येत नसे, कोणाच्या गल्लीतील ड्रेनेज तुंबलेले असे, कोणाला रहिवासी दाखला, कोणाला रुग्णालयात खाट हवी असे. त्या सगळ्या काळात एकाही नागरिकाने येऊन असे विचारल्याचे मला आठवत नाही की, कालच्या सभेत अमुक विषयावर आपण काय भूमिका घेतली. मतदार ज्या गोष्टीसाठी दार ठोठावतो, त्याच गोष्टीत प्रतिनिधी आपला वेळ घालतो. सभेच्या दिवशी प्रभागात जलवाहिनी फुटली, तर नगरसेवकाने सभागृहात बसावे की खड्ड्यापाशी उभे राहावे? तो खड्ड्यापाशी उभा राहिला म्हणून वर्षअखेरीस त्याचे नाव कमी उपस्थितीच्या यादीत छापले जावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरे असे की, सभागृहात प्रत्येक मिनिट बसून असणारे आणि पाच वर्षांत एक शब्दही न बोललेले सदस्य मी पाहिले आहेत. त्यांची उपस्थिती शंभर टक्के भरेल. त्यातून मतदाराला काय मिळाले?


प्रतिसाद २

मी एका महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झालो आहे. सभेचे कामकाज नोंदवणे हेच माझे काम होते, त्यामुळे धागाकर्त्यांनी पाहिलेली विसंगती कशी घडते, ते सांगतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि ती महिन्याच्या २० तारखेच्या आत घ्यावी लागते. शहरागणिक तिला मुख्य सभा, महासभा किंवा सर्वसाधारण सभा म्हणतात. सभागृहाच्या दाराशी किंवा आत टेबलावर हजेरीचे पुस्तक ठेवलेले असते. सदस्य येतो, आपल्या नावासमोर स्वाक्षरी करतो आणि आत जातो. इतिवृत्ताच्या पहिल्या पानावरील यादी या स्वाक्षऱ्यांवरूनच तयार होते. बाहेर जाताना स्वाक्षरी नसते आणि वेळही लिहिली जात नाही. म्हणजे त्या यादीचा खरा अर्थ एवढाच की, हा सदस्य त्या दिवशी कोणत्या तरी क्षणी त्या पुस्तकापर्यंत आला होता. सभा चार तास चालली आणि तो दहा मिनिटे होता, तरी कागदावर तो उपस्थितच राहतो.

गणपूर्तीचे असे की, एकतृतीयांश सदस्य हवेत. दीडशे सदस्यांच्या सभागृहात पन्नास जण असले की काम चालते. परंतु शिरगणती दर विषयाला होत नाही. एखाद्या सदस्याने उभे राहून गणपूर्तीकडे पीठासीन अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले, तरच डोकी मोजली जातात, आणि तसे कोणी केले नाही, तर रिकाम्या बाकांसमोर विषयामागून विषय पुकारले जातात आणि मंजूर होतात. माझ्या नोकरीत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, आजही रिकामे सभागृह डोळ्यांसमोर आले की मला वाईट वाटते. पन्नास जण हजर असताना सव्वीस जणांचे बहुमत होते, आणि त्या सव्वीस जणांचा निर्णय लाखो लोकांना बांधतो, हे गणित एकदा प्रत्येकाने करून पाहावे.

आणखी एक प्रथा सांगितली पाहिजे. मान्यवर व्यक्तीच्या निधनानंतर श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची पद्धत सर्वत्र आहे. आदर व्यक्त करण्यास कोणाचीच हरकत नसावी. तथापि अशा दिवशीही हजेरीच्या पुस्तकात स्वाक्षऱ्या होतात, विषयपत्रिकेवरील कामाला हात लागत नाही, आणि वर्षाची सरासरी काढताना हा दिवसही पूर्ण उपस्थितीचा म्हणून मोजला जातो. कोणी टक्केवारी काढणार असेल, तर कामकाज झालेल्या सभा आणि केवळ तहकूब झालेल्या सभा वेगळ्या काढल्याशिवाय ती टक्केवारी काहीच सांगत नाही.

आता पहिल्या प्रतिसादातील मुद्द्याविषयी. जलवाहिनी फुटली, तर ती दुरुस्त करणे हे पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याचे काम आहे, आणि तो अभियंता वेळेवर का आला नाही हे आयुक्तांना सभागृहात विचारणे हे नगरसेवकाचे काम आहे. खड्ड्यापाशी उभा राहणारा नगरसेवक मला आदरणीयच वाटतो. परंतु ती वाहिनी बदलण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याचा दिवस सभागृहातलाच असतो, आणि त्या दिवशी तो तिथे नसेल, तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा त्याच खड्ड्यापाशी उभे राहावे लागते.


प्रतिसाद ३

मी एका नगरपरिषदेची माजी सदस्य आहे. वरील मते वाचताना काही गोष्टी राहून जात आहेत असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

२०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या आणि माझ्यासारख्या अनेक जणी पहिल्यांदा सभागृहात गेल्या. माझ्या पहिल्या वर्षात मी प्रत्येक सभेला हजर होते आणि एकदाही बोलले नाही. विषयपत्रिका घरी येई ती यजमानांच्या हाती दिली जाई. सभेतील चर्चा आधीच कुठेतरी ठरलेली असे, आणि मी हात वर करावा एवढीच माझ्याकडून अपेक्षा असे. कागदावर माझी उपस्थिती निर्दोष होती. दुसऱ्या वर्षी मी विषयपत्रिका स्वतः मागून घ्यायला सुरुवात केली, मुख्याधिकाऱ्यांकडे टिप्पण्या वाचायला बसू लागले आणि मग बोलूही लागले. तिसऱ्या वर्षी बाळंतपणामुळे माझ्या काही सभा चुकल्या. कोणी केवळ टक्केवारी छापली असती, तर माझे सर्वांत निरुपयोगी वर्ष सर्वांत चांगले ठरले असते आणि ज्या वर्षी मी गावातील शौचालयांच्या देखभालीचा ठेका तीन सभा लावून धरला, ते वर्ष सर्वांत वाईट ठरले असते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, अनुपस्थितीसोबत तिचे कारण आणि रजेचा अर्ज दिला होता की नाही, हेही नोंदले जावे. आजारपण, बाळंतपण, घरातील मृत्यू ही कारणे माणसाच्या आयुष्यात येणारच. रजेचा अर्ज देऊन न येणे आणि काहीही न कळवता न येणे, या दोन गोष्टी एकाच रकान्यात बसवू नयेत.

सभेची वेळ हाही यातलाच भाग आहे. अकराची सभा दोनला सुरू होते, दोनची सभा तहकूब होऊन संध्याकाळी भरते. ज्यांना रोजंदारीवर जायचे असते, ज्यांचे लहान मूल घरी असते, ते अशा सभेत शेवटपर्यंत कसे थांबणार? २०२० मध्ये महामारीच्या काळात सभा दूरदृश्य पद्धतीने झाल्या. तेव्हा अनेक जणींना प्रथमच पूर्ण वेळ सभेत राहता आले, असे मी प्रत्यक्ष ऐकले आहे. त्या पद्धतीत चर्चा पातळ झाली, आवाज मध्येच बंद केले गेले, हेही खरे आहे. परंतु सभा ठरल्या वेळी सुरू करणे ही तर कुठल्याही तंत्रज्ञानाशिवाय होण्याजोगी गोष्ट आहे, आणि उपस्थितीचा आग्रह धरणाऱ्यांनी तिचाही तितकाच आग्रह धरावा.


धागाकर्ता

ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी स्वतः टक्केवारीच काढायला बसलो होतो, आणि आपल्या पहिल्या वर्षाचे उदाहरण वाचल्यावर ती काढण्याची घाई चुकीची होती, हे मला मान्य आहे. कारणासह नोंद हवी, हे मी माझ्या मागणीत घालतो.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांना एवढेच विचारतो की, नागरिकाने सभेविषयी कधीच विचारले नाही, याचे कारण त्याला त्यात रस नव्हता हे आहे, की सभेत काय होणार आहे हे त्याला कधी कळलेच नाही हे आहे? आमच्या प्रभागातून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय मंजूर झाल्याचे आम्हाला वर्तमानपत्रातील चार ओळींतून, तेही मंजुरीनंतर कळले. आधी कळले असते, तर जनसंपर्क कार्यालयाच्या दाराशी त्या सकाळी ड्रेनेजपेक्षा मोठी रांग लागली असती.


प्रतिसाद ४

मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

सभेला न येणाऱ्या सदस्याचे पद जाण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे सलग सहा महिने विनापरवानगी सभांना गैरहजर राहणारा सदस्य पदावर राहत नाही. महानगरपालिकांच्या कायद्यांतही सलग गैरहजेरीमुळे पद जाण्याची याच धर्तीची तरतूद आहे. संसदेसाठी घटनेच्या कलम १०१(४) मध्ये आणि विधिमंडळासाठी कलम १९०(४) मध्ये साठ दिवसांची मर्यादा आहे. इंग्लंड व वेल्समधील १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातही सहा महिन्यांचीच अट आहे. म्हणजे हा विचार सगळीकडे एकच आहे आणि त्यातील पळवाटही सगळीकडे एकच आहे. शब्द ‘सलग’ असा आहे. मुदत संपण्यापूर्वी एकदा येऊन स्वाक्षरी केली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दुसऱ्या प्रतिसादकर्त्यांनी वर्णन केलेले हजेरीपुस्तक आणि हा ‘सलग’ शब्द एकत्र वाचले, तर या कलमाखाली कोणाचे पद का जात नाही, ते सहज समजते.

याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहावा. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ प्रमाणे पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याविरुद्ध त्याचा पक्ष अपात्रतेची कारवाई मागू शकतो. महापौराच्या निवडीच्या दिवशी सभागृह काठोकाठ भरलेले असते, ते यामुळे. पक्षाला आपला सदस्य त्या दिवशी कुठे होता हे नेमके ठाऊक असते आणि त्याबद्दल जाब विचारण्याचे हत्यारही त्याच्या हाती असते. ज्या मतदाराने त्याला निवडून दिले, त्याच्या हाती मात्र पाच वर्षांनी येणारे एक मत सोडले तर काही नाही. मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला मतदानाने परत बोलावण्याची तरतूद करण्यात आली आणि ती प्रत्यक्ष वापरलीही गेली. नगरसेवकाबाबत आपल्याकडे तसे काही नाही. मला स्वतःला परत बोलावण्याचा हक्क हा फार मोठा उपाय वाटतो आणि त्याचा गैरवापर होण्याची भीतीही वाटते. परंतु पक्ष आणि मतदार यांच्या हातातील बळाचे हे अंतर इतके मोठे असू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बहुसदस्यीय प्रभागपद्धतीने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. मुंबईत २२७ प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडला जातो, त्यामुळे तिथे जाब कोणाला विचारायचा हे तरी निश्चित असते. अन्य महानगरपालिकांत २०१२ मध्ये दोन सदस्यांचे आणि २०१७ मध्ये प्रामुख्याने चार सदस्यांचे प्रभाग झाले. या वेळीही बहुतांश ठिकाणी चारच. चौघांपैकी दोघे सभेत असतील आणि दोघे नसतील, तर प्रभागाचे प्रतिनिधित्व झाले की नाही? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि मतदाराला चौघांचीही कामे वेगवेगळी ओळखता येत नाहीत. अशा प्रभागांत नावनिशीवार नोंद नसेल, तर कोणाचेच उत्तरदायित्व उरत नाही.


प्रतिसाद ५

मुंबईतील प्रजा फाउंडेशन ही संस्था माहितीच्या अधिकारातून आकडे मिळवून नगरसेवकांची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करत आली आहे. त्यात उपस्थितीबरोबर विचारलेल्या प्रश्नांची संख्या आणि त्यांचा दर्जा यांचाही विचार केलेला असतो. त्या अहवालांतून वारंवार पुढे आलेली एक बाब अशी की, प्रभाग समित्यांमध्ये विचारलेल्या प्रश्नांतील लक्षणीय प्रश्न रस्त्यांना आणि चौकांना नावे देण्याविषयीचे असतात. म्हणून केवळ प्रश्न मोजणेही पुरेसे नाही. प्रश्न काय होता हे वाचावेच लागते. हे काम वेळखाऊ आहे, परंतु मुंबईत ते वर्षानुवर्षे झाले आहे, म्हणजे इतरत्रही होऊ शकते.


प्रतिसाद ६

मी खेड्यात राहतो आणि शहरातील मित्रांशी या विषयावर बोलताना मला नेहमी आश्चर्य वाटते. आमच्या सरपंचाला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. आमच्याही सभा नेहमी नीट होतात असे मी म्हणणार नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आम्हीही पाहिल्या आहेत आणि त्यात गैरहजर आम्ही मतदारच होतो. परंतु ज्या दिवशी सभा भरते, त्या दिवशी सरपंचाला गावासमोर उभे राहून जमाखर्च वाचावा लागतो आणि मागे बसलेला एखादा म्हातारा उठून विचारतो की, नळयोजनेचे पैसे आले होते ते गेले कुठे. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच जागी द्यावे लागते. शहरातील नगरसेवकाला असा प्रश्न समोरासमोर कोण विचारतो?

शहरांसाठी अशी तरतूद नाही असे मात्र नाही. २००९ च्या दुरुस्तीने महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत क्षेत्रसभा आणली गेली. मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची सभा, आणि ती बोलावण्याची जबाबदारी नगरसेवकावर, अशी ती रचना आहे. परंतु क्षेत्रसभा भरल्याचे किती शहरवासीयांनी पाहिले आहे? घटनेच्या कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य आहेत, त्या तरी कागदोपत्री आहेत. क्षेत्रसभेचे तर नावही अनेकांना ठाऊक नाही. सभागृहातील उपस्थितीचा हिशेब ज्या ठिकाणी द्यायचा, ती जागा कायद्यात तयार आहे आणि ती रिकामी आहे.


प्रतिसाद १

क्षेत्रसभेच्या मुद्द्यावर मी थांबून विचार केला. माझ्या पहिल्या मतात मी असे गृहीत धरले होते की, नागरिकाची मागणी जशी असते तसा प्रतिनिधी घडतो. कार्यालयात येणारा माणूस एकेकटा येतो आणि स्वतःपुरते काम घेऊन येतो, म्हणून त्याची मागणीही दाखल्याची आणि ड्रेनेजची असते. तोच माणूस शंभर जणांच्या सभेत बसला असता, तर त्याने कदाचित अंदाजपत्रकाविषयी विचारले असते. हे मला अनुभवातून माहीत नाही, कारण अशी सभा आम्ही कधी घेतलीच नाही.

तरीही माझी एक हरकत कायम आहे. विषयपत्रिका सदस्यांच्याच हाती उशिरा पडते आणि तिच्यासोबत शेकडो पानांची डॉकेट्स, म्हणजे विषयांची सविस्तर कागदपत्रे, येतात. स्थायी समितीत सोळा सदस्य असतात, आर्थिक विषयांचा खरा निर्णय तिथे होतो, आणि मुख्य सभेत उरलेल्या सदस्यांसमोर शिजलेला विषय येतो. अशा सभेत नव्या सदस्याने चार तास बसून काय करावे, याचे उत्तर उपस्थितीच्या नोंदीतून मिळत नाही. सदस्याला उपस्थित राहावेसे वाटेल अशी सभा करणे हेही महापौरांचे आणि गटनेत्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यांना याबाबत कोणीच काही विचारत नाही.


प्रतिसाद २

ही हरकत रास्त आहे आणि ती मी कार्यालयात असताना अनेक तरुण सदस्यांच्या तोंडून ऐकली आहे. त्यांना मी जे सांगत असे, तेच इथे सांगतो. डॉकेट वाचून झाले नसेल, तर सभागृहात उभे राहून तसे म्हणावे आणि विषय पुढील सभेपर्यंत पुढे ढकलण्याची लेखी सूचना द्यावी. ती सूचना फेटाळली गेली तरी इतिवृत्तात नावासह राहते. स्थायी समितीतून आलेला विषय शिजलेला वाटत असेल, तर उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना, द्यावी आणि मतदान मागावे. आवाजी मतदानात कोणाचेच नाव नोंदले जात नाही; परंतु कोणत्याही सदस्याने पोल मागितला की बाजूने कोण आणि विरोधात कोण, हे नावानिशी इतिवृत्तात येते. माझ्या मते उपस्थितीचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, कारण पोलच्या वेळी सभागृहात नसलेल्या माणसाचे नाव कोणत्याच बाजूला लागत नाही. धागाकर्त्यांनी हजेरीपटापेक्षा पोलच्या नोंदी मागवाव्यात. पोल फार क्वचित मागितले जातात, हेही त्यांना तेव्हा दिसेल.

नागरिकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. सभा लोकांसाठी खुली असते. बहुमताने ठराव केला तरच ती बंद दाराआड घेता येते. प्रेक्षक सज्जात बसण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. माझ्या कारकिर्दीत तो सज्जा बहुधा मोर्चाच्या दिवशीच भरलेला मी पाहिला.


प्रतिसाद ३

सज्जाविषयी माझा अनुभव सांगते. शौचालयांच्या ठेक्याचा विषय ज्या दिवशी तिसऱ्यांदा आला, त्या दिवशी वस्तीतील सात-आठ बायका येऊन सज्जात बसल्या होत्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, कागद फडकावले नाहीत, त्या फक्त बसून होत्या. त्या दिवशी एकही सदस्य विषय संपेपर्यंत जागेवरून उठला नाही.


धागाकर्ता

आतापर्यंतच्या चर्चेनंतर मी माझी मागणी बदलली आहे. टक्केवारीचा फलक लावावा ही माझी मूळ कल्पना मी सोडून देतो. त्याऐवजी आमच्या महापौरांना आणि नगरसचिवांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा असा केला आहे:

‘प्रत्येक सभेत सदस्यांची आगमनाची आणि निर्गमनाची वेळ नोंदवावी. सभा सुरू झाल्याची, तहकूब झाल्याची आणि संपल्याची वेळ तिच्यासोबतच लिहावी. रजेचा अर्ज दिलेल्या सदस्याची नोंद वेगळी ठेवावी. कर, दर, अंदाजपत्रक आणि विकास आराखडा या विषयांवर नेहमी नावनिशीवार मतदान घ्यावे. विषयपत्रिका सभेपूर्वी आणि इतिवृत्त पुढील सभेपूर्वी संकेतस्थळावर व प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावे.’

यात मतदाराला समजणार नाही असे काही नाही आणि सदस्यावर अन्याय होईल असेही काही नाही, असे मला वाटते. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये, सभा लोकांसाठी खुल्या आहेत काय आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना उपलब्ध आहेत काय, हे प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करावे असे म्हटलेलेच आहे. त्यामुळे शेवटच्या मागणीसाठी नवा कायदाही लागत नाही.

निवेदनाचे उत्तर येईपर्यंत माहितीचा अर्जही करणार आहे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पहिल्या अर्जात केवळ पोलच्या नोंदी मागतो. आमच्या प्रभागातील चौघा सदस्यांना, मी काय मागणार हे आधी कळवावे की नाही, याबद्दल मनात थोडा संभ्रम आहे.


प्रतिसाद ४

अवश्य कळवावे, आणि तेही लेखी. चौघांनाही एकच पत्र, त्यावर चौघांचीही नावे, असे करावे. अर्जासोबत अभिलेख पाहण्याचा पर्यायही मागून ठेवा. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाचे २०१८ चे परिपत्रक जिल्हा कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आहे. मूळ हजेरीपुस्तक आणि इतिवृत्ताचे मूळ पुस्तक शेजारी ठेवून पाहिले, तर छायाप्रतींत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.


धागाकर्ता

लिहून ठेवली आहे. चौघांच्या नावाचे पत्र तयार केले असून पुढील मुख्य सभेच्या दिवशी शेजारच्या तिघांसह प्रेक्षक सज्जात बसायचेही ठरले आहे. सभेची वेळ अकराची आहे. सभा प्रत्यक्षात किती वाजता सुरू होते, ते त्याच दिवशी संध्याकाळी इथे लिहीन.